एकोणीस एकांची संख्या

कॉटन ग्रीनहून हार्बरच्या गाडीनें कुर्ल्यास जावें व तेथें कल्याणकडील गाडी धरावी, म्हणजे डोंबिवली स्टेशन लागतें. या स्थळाच्या 'डेमलो' या जुन्या नांवावरून देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं कांहीं संख्यांस 'डेमलो संख्या' असें नांव दिलें. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. हें त्यांतील सोपें उदाहरण. कित्येक विद्वानांनीं हा पोरखेळ मानिला. आम्हांस तसें वाटत नाहीं.

वर्ग बाजूस ठेवून नुसत्या एकांच्या संख्या घेऊं. यांत मूळ संख्या कोणत्या? ११ ही मूळ आहे. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. एकांचे सारखे गट पाडतां आले कीं संख्या फुटलीच. परंतु गट पडत नाहींत तेथें ती मूळच असेल असें नव्हे. पांच एक हा ४१ व २७१ यांचा गुणाकार आहे. सात एकांची गोष्ट तर फारच मौजेची. विद्यार्थी २, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांनीं क्रमानें भागीत जातो. वीस झाल्या, तीस झाल्या. दर वेळीं बाकी उरते. पन्नासाव्या भागाकारापर्यंत कोणाचाही हात थकतो, आणि 'ही मूळच' असें लिहून मोकळें व्हावेंसें वाटतें. ५१ मूळ संख्या अशा व्यर्थ जातात. ५२ वी २३९. तिनें भाग जातो, आणि भागाकार येतो ४६४९.

पालक विचारतात, यास गुण किती? परीक्षेंत हा प्रश्न येत नाहीं, हें खरें. पण ज्यानें तो ५२ वा भागाकार केला, त्यास 'अजून सांपडलें नाहीं' आणि 'नाहींच' या दोहोंतील अंतर कळलें. क्लासांतील छापील उत्तरांनीं तें कळत नाहीं, आणि त्यापायीं मुलाची एक संध्याकाळ गेली तर ती वायां गेली असें आम्ही म्हणणार नाहीं. उपयोगच हवा असेल तर तोही आहे: दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, तो फोडणें महाकठीण, आणि इ. स. १९७७ पासून गुप्त लेखनाची एक प्रसिद्ध पद्धति यावरच उभी आहे. तथापि आमचा आग्रह त्याकरितां नाहीं.

१११११११११११११११११११ ही एकोणीस एकांची संख्या मूळ आहे, हें गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत ऑस्कर हॉप यांनीं संगणकावांचून सिद्ध केलें. तिच्यानंतर २३ एकांची, आणि मग एकदम ३१७ एकांची! इ. स. २०२४ मध्यें सांपडलेल्या एका निराळ्या कुळांतील मूळ संख्येस तर ४,१०,२४,३२० अंक आहेत; तें काम यंत्रांचें.

अकरा एकांच्या वाटेस आमच्या विद्यार्थ्यांनीं जाऊं नये, ती फार लांबची आहे. तेरा एकांचा निकाल मात्र कागद-पेन्सिलीनें एका संध्याकाळीं लागतो. तो आम्ही येथें मुद्दाम छापीत नाहीं.