पुढे किती टाके?

कोपरखैरण्याच्या आमच्या गटात दुपारी बायका विणकामाला जमतात. पहिले काही आठवडे एकच प्रश्न कानावर यायचा, "ताई, आता पुढे किती टाके?" मी म्हणायची, "तुम्हीच ठरवा." की सुया खाली!

आम्ही शिकत होतो मुक्त विणकाम. यात आधी ठरलेला नमुना नसतो. दहा-बारा टाके घालायचे, सुलट-उलट विणत तळहाताएवढा तुकडा करायचा. मग त्याच्या कुठल्याही कडेवरून टाके उचलून दिशा बदलायची. वाटलं तर क्रोशाची सुई घेऊन कडेला खांब घालायचे, मध्येच रंग बदलायचा. असे पुरेसे तुकडे झाले की आपल्या मापाचा जुना ब्लाऊज उसवून कागदावर बेतायचा, त्यावर तुकडे मांडून जोडायचे, उरलेल्या फटी विणून भरायच्या. अमेरिकेतल्या मेरी वॉकर फिलिप्स यांचं नमुन्याबाहेरच्या विणकामावरचं पुस्तक १९७१ साली आलं, तेव्हा हे काही कालचं खूळ नव्हे. नियम मात्र आहेत. सूत आणि लोकर एकत्र विणली तर धुतल्यावर दोन्ही सारखी आटत नाहीत आणि कपडा वेडावाकडा होतो. आमच्या दमट हवेत लोकर घालणार तरी कोण? आम्ही सुतीच धागा घेतो. तो जड होऊन ओघळतो, म्हणून खांद्याच्या शिवणीला आतून पट्टी लावतो.

हात तर सगळ्यांचे तयार होते. मग अडत कुठे होतं? यांतल्या बऱ्याचजणी माथाडी कामगारांच्या घरातल्या, सातारा-सांगलीकडच्या. वर्षानुवर्षं घरी बसून नगावर काम केलेल्या. नमुना व्यापाऱ्याचा, दर व्यापाऱ्याचा. जरा वेगळं झालं की पैसे कापले. नवऱ्याच्या पाठीवरच्या ओझ्यासाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुरीचा हिशोब, भविष्य निर्वाह निधी हे मंडळामार्फत आलं. त्याच खोलीत बायको करते ते काम 'फावल्या वेळातलं'. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये करार केला, त्याला भारताने मान्यता दिलेली नाही.

एके दिवशी एक मावशी म्हणाल्या, "म्हंजे वाकळंवानीच की!" आणि गाठ सुटली. वाकळ शिवताना कुणी कुणाला विचारतं का? लुगड्याचा तुकडा हाताला लागेल तसा बसवायचा, विरलेल्या जागी दुसरा लावायचा. त्या दिवशी कुणी टाके विचारले नाहीत. मावशींनी तर उलट्या बाजूचे धागेच वर ठेवले. म्हणाल्या, "मला हीच बाजू आवडली."

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात, हे शौकिनांचं काम, त्यापेक्षा शिवणयंत्र शिकवा. मला हे पटत नाही. दुसऱ्याने कापून दिलेलं बिनचूक शिवणं, एवढंच कौशल्य आपण बायकांना किती वर्षं शिकवणार? पण त्यांचा आक्षेप मी झटकूनही टाकत नाही. स्वतःच्या मनाने विणल्याने पोट भरत नाही. समाजकार्याच्या पदवीत मला उत्पन्नाचे उपक्रम शिकवले, बाईच्या तासाची किंमत कशी लावायची ते नाही.

आणि इथे तर नगाचा दर चालतच नाही, कारण दोन नग सारखे नसतात. आता प्रत्येकीच्या वहीत तास लिहितो. मावशींच्या जाकिटाला साठाच्या वर तास लागले. प्रदर्शनात एका गिऱ्हाइकाने किंमत ऐकून विचारलं, "घरी बसूनच केलंय ना?" मावशींनी जाकीट घडी करून पिशवीत ठेवलं.

पुढच्या बैठकीत आम्हाला तासाचा दर ठरवायचा आहे. किमान वेतनाच्या खाली जायचं नाही, यावर एकमत आहे. धागा उसवून पुन्हा विणण्याचे तास धरायचे की नाहीत, यावर वाद आहे. माझं मत, धरायचे. तुमच्या गटात काय करता, जरूर कळवा.