गुलाबी पिस्तूल खरं की खेळण्यातलं? बंदुकांवरच्या सिरॅमिक कोटिंगमुळे काय बदललं?

नव्या गाडीला सिरॅमिक कोटिंग करतानाचे रील तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलेच असतील. बॉनेटवर पाणी ओतलं की थेंब घरंगळत जातात आणि खाली कमेंट पडते, 'खर्च किती आला?' अमेरिकेत याच धाटणीचे व्हीडिओ आणखी एका वस्तूचे दिसतात. ओरखडे पडलेलं जुनं पिस्तूल सुटं केलं जातं, त्यावर रंगाचा फवारा मारला जातो, भाग ओव्हनमधून निघतात आणि जोडल्यावर फिकट गुलाबी किंवा आकाशी रंगाचं पिस्तूल समोर येतं.

बघायला मजा येते. पण हा थर मुळात असतो कशासाठी? आणि खऱ्या बंदुकीला खेळण्याचा रंग दिला, तर समोरच्याने ती ओळखायची कशी?

हे कोटिंग असतं काय?

बंदुकीत पोलाद असतं आणि पोलादाला गंजाची भीती. हाताचा घाम, दमट हवा, समुद्रावरचा खारा वारा, सगळंच त्याला बाधतं. यावरचा जुना उपाय म्हणजे ब्लूइंग. रासायनिक प्रक्रियेने पोलादावर निळसर काळा ऑक्साइडचा थर आणला जातो. तो दिसतो छान, पण त्यावर तेलाचा हात फिरवत राहावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या रायफलींवर फॉस्फेटचा करडा थर असायचा. त्याला पार्करायझिंग म्हणतात.

सिरॅमिक कोटिंग ही त्यापुढची पायरी. यातला सर्वांत ओळखीचा ब्रँड म्हणजे सेराकोट. ओरेगन राज्यातली एनआयसी इंडस्ट्रीज ही कंपनी तो बनवते. नावात सिरॅमिक असलं तरी कपबशीवर असतो तसा हा थर नसतो. पॉलिमर आणि सिरॅमिक यांचं ते मिश्रण असतं. गंज, ओरखडे, रसायनं यांच्यापुढे ते चांगलं टिकतं.

सगळी मेहनत रंगाच्या आधीची असते. भागांवरचं तेल पूर्ण काढायचं, बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करायचा, मग फवारा. सेराकोटचा जो प्रकार भट्टीत पक्का करतात, तो साधारण १२० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवतात. तयार थर साधारण २५ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. तो जाड झाला तर एकमेकांवर सरकणारे भाग अडकू शकतात. म्हणूनच हे काम सहसा सरावलेल्या कारागिराकडे दिलं जातं.

मग प्रश्न कुठे येतो?

प्रश्न रंगाचा आहे. गंज थांबवणारा थर काळा, खाकी किंवा हिरवा असला तरी काम तेच करतो. पण एकदा हवा तो रंग मिळू लागल्यावर बंदूक मोबाइलच्या कव्हरसारखी आवडीनुसार सजवता येऊ लागली.

आता दुसरी बाजू बघा. अमेरिकेत १९८८ च्या केंद्रीय कायद्यानुसार खेळण्यातल्या बंदुकीवर ती खेळणं असल्याची खूण लागते. सर्वांना माहीत असलेली खूण म्हणजे नळीच्या टोकाची केशरी टोपी. पण नियमात दुसरेही पर्याय आहेत. अख्खी बंदूक पांढरी किंवा भडक लाल, पिवळी, निळी, गुलाबी, जांभळी अशा रंगाची असली तरी चालते.

म्हणजे 'हे खेळणं आहे' हे सांगण्यासाठी कायद्याने जे रंग ठरवून दिले, तेच खऱ्या बंदुकीला देता येतात. खऱ्या बंदुकीने कुठला रंग वापरू नये, हे सांगणारा केंद्रीय कायदा नाही. खूण पाळायचं बंधन फक्त खेळण्यावर आहे.

याची किंमत कोण मोजतं?

२२ नोव्हेंबर २०१४. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातल्या एका बागेत १२ वर्षांचा टमीर राइस प्लॅस्टिकचे छर्रे मारणारं खेळण्यातलं पिस्तूल घेऊन खेळत होता. त्याची केशरी टोपी निघालेली होती. पोलिसांना फोन करणाऱ्याने 'ते बहुतेक खोटं असावं' असं सांगितलं होतं, पण हे वाक्य घटनास्थळी जाणाऱ्या पोलिसांपर्यंत पोहोचलंच नाही. गाडी थांबल्यानंतर दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी टमीरचा मृत्यू झाला.

हा एकच प्रसंग नाही. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत खऱ्यासारखी दिसणारी खोटी बंदूक हाती असलेल्या ८६ जणांचा पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाल्याची नोंद 'वॉशिंग्टन पोस्ट'ने केली होती.

टमीरच्या हातातलं पिस्तूल रंगीत नव्हतं आणि त्याच्या मृत्यूला कोटिंग जबाबदार नाही. पण अशा घटनांनंतर सुचवला जाणारा उपाय एकच असतो, खेळणी आणखी भडक करा. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये तसा कायदाही केला आणि तो २०१६ पासून लागू झाला. खरी पिस्तुलंही भडक दिसू लागली, तर या उपायातली हवाच निघून जाते. समोरचं केशरी टोक बघून पोलीस निर्धास्त होऊ शकत नाही.

कुणी रोखायचा प्रयत्न केला का?

न्यूयॉर्क शहराने केला. मायकल ब्लूमबर्ग महापौर असताना २००६ मध्ये शहराने खऱ्या बंदुकांना खेळण्यासारखे फसवे रंग देण्यावर आणि त्यासाठीच्या किटवर बंदी घातली. त्यावर बंदुकांचे रंग बनवणाऱ्या विस्कॉन्सिनमधल्या एका कंपनीने खिजवण्यासाठी 'ब्लूमबर्ग कलेक्शन' नावाने भडक रंगच बाजारात आणले.

२०२१ मध्ये युटा राज्यातल्या कल्पर प्रिसिजन या कंपनीने ग्लॉक पिस्तुलावर लाल, पिवळ्या, निळ्या ठोकळ्यांचं आवरण चढवून ते विकायला काढलं. ते हुबेहूब लेगोसारखं दिसत होतं. लेगो कंपनीने नोटीस पाठवली आणि विक्री थांबली. ती ब्रँडच्या हक्कामुळे थांबली, बंदुकीच्या कायद्यामुळे नाही.

बंदूक बाळगणारे काय म्हणतात?

त्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. आपल्या वस्तूचा रंग हा आपला प्रश्न, असं ते म्हणतात. काळा, खाकी, हिरवा हे साधे रंगही भरपूर वापरले जातात आणि त्यामागे हेतू बंदूक टिकावी एवढाच असतो. कायदा पूर्ण मोकळा आहे असंही नाही. दुसऱ्यांच्या बंदुका रंगवण्याचा धंदा करायचा तर केंद्रीय परवाना लागतो. अनुक्रमांक खोडणं हा गुन्हा आहे. तो किमान ०.००३ इंच, म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉन खोल कोरावा लागतो. त्यामुळे २५ मायक्रॉनच्या नीट दिलेल्या थराखालूनही तो वाचता येतो.

आपला काय संबंध?

भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार बंदूक बाळगायला परवाना लागतो. बंदूक दुरुस्त करण्याचा किंवा तिच्यात बदल करण्याचा धंदा करायचा तर त्यालाही परवाना लागतो. ओळखक्रमांकाशी छेडछाड हा इथेही गुन्हाच. रीलमधलं सगळं आपल्या गल्लीत करता येईल, असं समजू नका.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी विषय जास्त जवळचा आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल वाजवलेल्या आईबाबांना भडक रंगाचं पिस्तूल खेळणंच वाटणार. मुलांना तर नक्कीच. तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात की, मूल कुणाकडे खेळायला जाणार असेल तर आधी विचारा, 'घरात बंदूक आहे का? ती कुलपात असते का?' विचारताना थोडं अवघडल्यासारखं होईल, पण विचारा. आणि मुलांना सांगा, रंग कुठलाही असो, हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची.