चेनचं तेल आणि दुकानाचं नाव

सायकलचं दुकान टाकताय? मग आजच ठरवा: गाडीचं जळकं इंजिन ऑइल चेनला लावायचं नाही. फुकट मिळतं खरं, पण त्यात धातूचा बारीक कीस असतो, वर धूळ चिकटते आणि चेन घासली जाते.

गिऱ्हाइकाला आधी विचारा, 'सायकल कुठे चालवता?' कोरड्या धुळीत ड्राय ल्यूब, पावसात वेट ल्यूब. चेन पुसा, प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडा, पॅडल उलटं फिरवा आणि वरचं तेल फडक्याने पुसून टाका. तेल आतल्या पिनेला लागतं. बाहेरचं नुसती धूळ ओढतं.

चेन लवकर झिजली तर तुमची एक चेन जास्त खपेल. पण माझं मत स्पष्ट आहे: ज्याची चेन टिकते, तेच गिऱ्हाईक आणखी चौघांना घेऊन येतं.