सोयाबीनची धूळ आणि तरुण संशोधक

बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास २०२४ साली मान्यता मिळाली, तेव्हा चिखलीकरांना आनंद होणे स्वाभाविकच होते. तथापि या महाविद्यालयाने केवळ डॉक्टर घडवावेत की संशोधकही, हा प्रश्न फारसा कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

हंगामात चिखलीच्या बाजार समितीत सोयाबीनचे ढीग पडतात, चाळण्या चालतात, हमाल पोती रिकामी करतात आणि आसमंत धुळीने भरून जातो. मळणीयंत्रापाशी उभ्या असलेल्या मजुराच्या नाकाशी फार तर एक रुमाल असतो. ही धूळ काय करू शकते, ते बार्सिलोना शहराने भोगले आहे. १९८१ ते १९८७ या काळात तेथे काही विशिष्ट दिवशी दम्याचे रुग्ण एकाएकी इस्पितळांत लोटत, काही दगावलेही. कारण उमगेना. अखेर जोसेप आंतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या नोंदी, वाऱ्याची दिशा आणि बंदरातील जहाजांचे वेळापत्रक ताडून पाहिले. दम्याची साथ उसळे ती बंदरात सोयाबीन उतरविले जात असलेल्या दिवशीच! कोठारावर धूळ अडविणाऱ्या गाळण्या बसविल्या आणि साथ थांबली. या शोधाचे मूळ कोणा अद्भुत यंत्रात नव्हते. रोगाची नोंद संशयाने वाचण्याच्या सवयीत होते, आणि ही सवय शिकवावी लागते.

आपल्याकडे ती शिकविली जाते काय? भारतातील दीर्घकालीन श्वसनमार्गरोधाच्या रुग्णांची संख्या १९९० मधील अंदाजे २.८१ कोटींवरून २०१६ मध्ये ५.५३ कोटींवर गेली. धूम्रपान हे एक कारण झाले. चुलीचा धूर आणि कामावरची धूळ ही दुसरी. परंतु धापा टाकीत आलेल्या हमालाच्या केसपेपरवर 'दमा' एवढेच लिहिले जाते, व्यवसायाचा रकाना बहुधा कोराच! विद्यार्थ्याचे सारे लक्ष पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेकडे; त्यालाही दोष कसा द्यावा?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची १९७९ पासूनची अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यास दोन महिने संशोधनाची संधी देते. आमच्या मते बुलढाण्याच्या विद्यार्थ्यांसाठी चिखलीचा बाजार हीच प्रयोगशाळा ठरावी. हमालांच्या श्वासाची क्षमता स्पायरोमीटरने हंगामापूर्वी व हंगामानंतर मोजावी, धुळीचे मापन करावे. मोकळ्या बाजारातील धूळ बंदराच्या कोठाराइतकी घातक नसेलही. पण तसे निष्पन्न झाले तरी ते ज्ञानच होय. मात्र त्यासाठी मार्गदर्शक अध्यापकाला रुग्णसेवेतून सवड हवी, आणि विद्यार्थ्याला दोन महिन्यांनंतरही ते काम पुढे नेण्याची वाट हवी. आज उणीव आहे ती नेमकी येथे.

सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीच्या सुमारास वाढते. पहिली मोजणी त्याआधीच व्हावयास हवी. पोती फुटू लागल्यावर केलेल्या मोजणीला तुलनेचा आधारच उरणार नाही.