छायेचा मुलूख
अंधेरी-बोरिवलीच्या काय किंवा मुलुंड-घाटकोपरच्या काय, रहिवाशाच्या वाट्याला सूर्यग्रहण येते ते बहुधा खंडग्रासच. कारण चंद्राची गडद छाया पृथ्वीवरील ज्या चिंचोळ्या पट्ट्यातून धावते त्याची रुंदी सहसा फार तर दोन-अडीचशे किलोमीटरच्या आसपास असते, आणि त्याबाहेर सूर्यबिंब नव्वद टक्के झाकले गेले तरी प्रभामंडलाचे दर्शन घडत नाही. जुन्या मुंबई इलाख्याला ते भाग्य २२ जानेवारी १८९८ रोजी लाभले. त्या दिवशी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर आणि पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला करमाळा तालुक्यातील जेऊर येथे, अवघ्या दोन मिनिटांच्या खग्रासासाठी दुर्बिणी व वर्णपटदर्शकांचा सारा सरंजाम मांडून सज्ज होते. पुढे २२ जुलै २००९ रोजी असाच पट्टा सुरतेवरून, म्हणजे बोरिवलीहून रेल्वेने काही तासांच्याच अंतरावरून गेला. परंतु ती आषाढी अमावास्या होती, आणि पावसाळ्यातील सूर्योदयाचा भरवसा कोणी धरावा? ग्रहणकाळी ‘दे दान सुटे गिराण’ ही आरोळी ऐकत दारे लावून घेण्याच्या रिवाजाविषयी मला राग नाही, मात्र त्यापायी मुलांना या अद्भुतास मुकावे लागते याचे मनस्वी दुःख होते. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहणही उपनगरांतून मावळतीकडे, खंडग्रास आणि ढगांच्या मर्जीनेच दिसेल. खग्रास पाहावयाचे तर इजिप्तमधील लक्झोर गाठावे, अथवा २० मार्च २०३४ रोजी लडाखच्या मुलखात जाण्यासाठी आतापासूनच रजेची तजवीज करावी.