भाताच्या मुळाचीं दारें

तांदूळ निवडतांना खडा हाताला लागतो, कीड डोळ्यांस दिसते. परंतु दाण्याबरोबरच दाण्यांत वाढलेलें विष कोणत्याहि सुगृहिणीस निवडून काढतां यावयाचें नाहीं. हें विष धान्यांत शिरतें कसें, हें या वेळीं आम्ही सांगणार आहों. आणि त्याची हकीकत जपानांतील एका नदीकाठीं सुरू होते.

तोयामा प्रांतांतील जिन्झु नदीच्या खोऱ्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एक विलक्षण रोग पसरला. तो जडे तो मुख्यत्वें प्रौढ, लेंकुरवाळ्या शेतकरणींस. हाडें इतकीं ठिसूळ होत कीं, नुसत्या खोकल्यानें बरगडी मोडावी. लोकांनीं त्याला नांव दिलें ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतें, दुखतें’. नदीच्या वरच्या अंगास कामिओका येथें मित्सुई कंपनीची जस्ताची खाण होती. तिच्या सांडपाण्यांतील कॅडमियम नदींतून पाटांत, पाटांतून खाचरांत व खाचरांतून भातांत उतरलें होतें. सरकारनें हें १९६८ सालीं मान्य केलें. १९७२ सालीं वरिष्ठ न्यायालयांतहि रोग्यांचा जय झाला. शेतांची माती सुधारण्याचें काम मात्र २०१२ पर्यंत चालू होतें!

आतां प्रश्न असा कीं, भाताला ज्याचा काडीइतका उपयोग नाहीं तें कॅडमियम त्यानें आंत घेतलेंच कां? वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोंवतीं एक अतिशय पातळ, स्निग्ध पटल असतें. त्यांतून क्षार आपोआप आंत जाऊं शकत नाहींत. म्हणून त्या पटलांत प्रथिनांचीं दारें बसविलेलीं असतात, आणि प्रत्येक दारांतून ठराविक द्रव्यांनाच वाट मिळते. भाताच्या मुळांत ‘एनरॅम्प-५’ नांवाचें असें एक दार आहे. तें मँगेनीजसाठीं, मँगेनीजवांचून पान नीट काम करीत नाहीं. कॅडमियमचा विद्युद्भार मँगेनीजइतकाच, आकारहि फारसा निराळा नाहीं. दार फसतें. सोमलाचीहि हीच तऱ्हा. ज्या दारानें सिलिकॉन आंत येऊन धांडा ताठ होतो व करप्यास तोंड देतो, त्याच दारानें सोमल शिरतो.

शेतकऱ्याची पंचाईत पहा. खाचरांत पाणी बांधून ठेवावें, तर कॅडमियम गंधकाशीं जखडून जमिनींत राहतें, पण सोमल सुटतो. पाणी सोडून द्यावें, तर सोमल दबतो आणि कॅडमियम उठतें.

२०१२ सालीं जपानी संशोधकांनीं यांतून वाट काढली. कोशिहिकारी या तेथील लाडक्या तांदुळाच्या बियांवर त्यांनीं कार्बनच्या आयनांचा झोत सोडला, आणि त्यांपासून वाढलेल्या रोपांतून दाण्यांत कॅडमियम जवळजवळ न येऊं देणारीं रोपें वेंचून काढलीं. तपासतां कळलें कीं, त्यांचें एनरॅम्प-५ हें दारच मोडलेलें आहे. पीक मात्र शेतांत पूर्वीसारखेंच आलें. थोडें मँगेनीज दुसऱ्या वाटांनीं मिळतच होतें. शिवाय असें बी पेरल्यावर पाणी सोडून सोमलहि आवरतां येतो.

अकिता प्रांतांत जुन्या खाणी पुष्कळ. तेथील ‘अकिताकोमाची’ तांदुळांत हा गुण संकरानें उतरवून, २०२५ पासून तेंच बी शेतकऱ्यांस देण्यास तेथील सरकारनें सुरुवात केली. यावर बरीच ओरड झाली. झोताचें नांव ऐकून दाण्यांत किरण उरले असतील अशी भीति घेणें आम्हांस अगदीं अनाठायीं वाटतें. झोत पडला तो कित्येक पिढ्यांपूर्वींच्या बियांवर. परंतु आपल्याला निवडीस वाव ठेवला नाहीं, ही कांहीं शेतकऱ्यांची तक्रार हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. कारण मोडलेल्या दाराची किंमत भरावी लागतेच: जेथें जमिनींत मुळांतच मँगेनीज कमी, तेथें या भाताच्या पानांवर तपकिरी ठिपक्यांचा रोग लवकर पडतो, आणि मँगेनीजयुक्त खत घालून जमिनीचा कस वाढविण्याचें काम शेतकऱ्याच्याच अंगावर येतें.