नाताळची भेट कोणाच्या हातून?

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की देशभरातील बालगृहांच्या फाटकांशी पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. कोलकाता, बेंगळूरु, शिलाँग, पणजी, मुंबई. शहर कोणतेही असो, दृश्य साधारण सारखेच. कंपन्यांच्या स्वागतकक्षात नाताळचे झाड उभे राहते, त्याला चिठ्ठ्या लटकवलेल्या असतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर एका मुलाचे नाव, वय आणि इच्छा लिहिलेली असते. कर्मचारी चिठ्ठी उचलतात, वस्तू विकत आणतात आणि ठरलेल्या दिवशी लाल टोप्या घालून ती वाटायला जातात. यातल्या चांगुलपणाविषयी मला शंका नाही. शंका आहे ती वाटपाच्या रीतीविषयी, आणि तिचे कारण माझ्या स्वतःच्या नोकरीत दडलेले आहे.

नव्वदच्या दशकात मी एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी होतो. नाताळच्या आदल्या दिवशी स्थानिक व्यापाऱ्यांनी बालगृहात खेळणी आणि स्वेटर वाटण्याचा कार्यक्रम ठेवला होता आणि प्रमुख पाहुणा मी होतो. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हातात मी लाल रंगाचा पत्र्याचा ट्रक ठेवला. छायाचित्रकार ‘साहेब, इकडे’ म्हणाला, आम्ही दोघांनी तिकडे पाहिले. ते छायाचित्र एका दैनिकात छापून आले. आठवडाभराने त्या मुलाची आई कचेरीत येऊन बसली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती वीटभट्टीवर कामाला जात असे. मुलगा मामाकडे शिकायला आहे, असे गावात सांगून तिने दोन वर्षे निभावली होती. आता माझ्या हसऱ्या चेहऱ्याशेजारी तिच्या मुलाचा चेहरा गावभर पोहोचला होता. तिने तक्रार केली नाही. मुलाला परत न्यायचे आहे, अर्ज कुठे द्यायचा, एवढेच ती विचारत राहिली. पुढे मी त्या ट्रकची चौकशी केली, तेव्हा तो कपाटात कुलूपबंद असल्याचे कळले. पाहुणे आले की दाखवायला म्हणून जपून ठेवला होता.

त्या वेळी लागू असलेल्या १९८६ च्या कायद्यातही अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई होती. मला ती ठाऊक असायला हवी होती. आज लागू असलेल्या बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ अधिक स्पष्ट आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील कोणत्याही माध्यमातून उघड करता येत नाही. छायाचित्रही छापता येत नाही. उल्लंघन करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे बंधन चौकशी किंवा न्यायालयीन कार्यवाहीच्या वृत्तांतापुरते आहे, असा युक्तिवाद एखादा वकील करील. परंतु बालगृहातील मूल तेथे येते तेच बाल कल्याण समितीच्या चौकशीअंती, तिच्या आदेशाने. शिवाय याच कायद्याच्या कलम ३ मध्ये मुलाची प्रतिष्ठा आणि खासगीपणा ही मार्गदर्शक तत्त्वे म्हणून नोंदवलेली आहेत. तरीही दर डिसेंबरात ही छायाचित्रे सर्रास प्रसिद्ध होतात आणि त्यांत अनेकदा अधिकारीच मध्यभागी उभे असतात. २५ डिसेंबर हा २०१४ पासून ‘सुशासन दिन’ म्हणूनही पाळला जातो, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

वास्तविक नाताळच्या दानाची मूळ कथा अगदी उलट आहे. चौथ्या शतकातील मायरा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील देमरे, येथील बिशप निकोलस हे सांताक्लॉजचे मूळ. त्यांच्याविषयीची सर्वाधिक प्रसिद्ध आख्यायिका हुंड्याची आहे. विपन्नावस्थेतील एका बापाला तीन मुलींची लग्ने करता येत नव्हती. निकोलस यांनी रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, पुन्हा टाकली आणि तिसऱ्यांदा बापाने त्यांना गाठले तेव्हा, मी जिवंत असेपर्यंत हे कोणाला सांगू नकोस, असे वचन घेतले. आपल्याकडे यालाच गुप्तदान म्हणतात. या कथेत भेट मुलींच्या हातात दिली जात नाही. ती बापाच्या घरात पडते आणि लग्ने बापच लावून देतो.

ही रीत मोडली की काय होते, याचा इतिहास अमेरिकेत सापडतो. तेथील मुले सांताक्लॉजच्या नावाने पत्रे टाकत आणि ती टपाल खात्यात बेवारस पडत. ही पत्रे नागरिकांना उत्तरासाठी देण्याच्या उपक्रमाचा आरंभ खाते १९१२ पासून मोजते. न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली जॉन ग्लक या जकात दलालाने त्यासाठी एक संघटना काढली. गरीब मुलांची पत्रे श्रीमंतांपर्यंत पोहोचवता पोहोचवता तो भव्य इमारतीसाठीही देणग्या मागू लागला. हिशेब कोणी विचारत नव्हते, कारण मुलांच्या पत्रांपुढे हिशेब विचारणे अशोभनीय वाटे. शहराच्या लोककल्याण आयुक्तांनी चौकशी केली आणि १९२८ साली टपाल खात्याने त्याला पत्रे देणे थांबवले. पुढचा धडा शिकायला आणखी ऐंशी वर्षे लागली. २००८ साली पत्र घ्यायला आलेला एक दाता नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगार असल्याचे एका टपाल कर्मचाऱ्याच्या लक्षात आले. तेव्हापासून पत्रावरील आडनाव आणि पत्ता काळ्या शाईने झाकून त्याजागी क्रमांक घालण्याची पद्धत आली. आपल्या स्वागतकक्षातील झाडावरच्या चिठ्ठ्यांवर मात्र नाव आणि वय आजही ठळक अक्षरांत असते.

अटलांटा शहरात गरीब वस्तीत काम करणाऱ्या रॉबर्ट लप्टन यांचे निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते. भेटी घेऊन सुखवस्तू कुटुंब दारात आले, की मुले आनंदाने पुढे धावतात, आई अवघडून उभी राहते आणि बाप मागच्या दाराने निघून जातो. आपल्याच घरात आपण काही देऊ शकत नाही, हे मुलांसमोर उघडे पडणे त्याला सोसत नाही. लप्टन यांनी दान मिळालेल्या खेळण्यांचे दुकान मांडले. आईबापांनी यायचे, निवडायचे, परवडेल अशी अल्प किंमत मोजायची आणि नाताळच्या सकाळी मुलांना स्वतःच्या हाताने द्यायचे. खर्च तोच, खेळणे तेच, देणारा बदलला.

आपल्या देशातही पाहण्याजोगे आहे. मिझोराममध्ये स्वयंपाकापूर्वी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची ‘बुहफाइ थाम’ ही प्रथा शतकाहून अधिक काळ चालत आली आहे. चर्चमधील महिला ते तांदूळ गोळा करतात आणि त्यातून सामुदायिक कामे उभी राहतात. महाराष्ट्राला मुष्टिफंडाची कल्पना नवी नाही, त्यामुळे अधिक सांगत नाही. तेथे नाताळात गावजेवण होते आणि सगळे एकाच पंगतीला बसतात. मूठ गरीब घरातूनही निघते, म्हणून त्या पंगतीत दाता कोण आणि याचक कोण, हे ओळखता येत नाही.

प्रशासनाने काय करावे? महिला व बालविकास विभागांनी डिसेंबरपूर्वी एक पानाचे परिपत्रक काढावे. भेटी कार्यक्रमाविना अधीक्षकांकडे जमा व्हाव्यात आणि दात्याला पावती मिळावी. ज्या मुलांचे आई, वडील किंवा नातलग भेटायला येतात, आणि अशी मुले पुष्कळ असतात, त्यांची भेट त्या नातलगाच्या हाती आधी सोपवावी. वस्तू मुलाच्या मालकीची राहावी, कपाटाच्या नव्हे. कॅमेरा फाटकाबाहेर राहावा, जिल्हाधिकाऱ्याचाही.

छायाचित्राविना देणग्या आटतील, असे संस्थाचालक सांगतात. त्यांची अडचण खरी आहे. वीजबिल सदिच्छेवर भरता येत नाही. परंतु एकदाच होणारे सोहळे सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात धरता येणार नाहीत, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ सालीच स्पष्ट केले होते. कंपन्यांना पुरावा हवा असेल तर लेखापरीक्षित हिशेब मागावा, वर्षभरातील शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च मागावा. काही दाते तरीही गळतील. तेवढी तूट राज्य सरकारांनी बालगृहांच्या अनुदानातून भरून काढावी. ती मुले मुळात त्यांच्याच जबाबदारीची आहेत.